मध्यस्थाची पत : कारंजा लाडमधील मालमत्ता-व्यावसायिकांसाठी काही मार्गदर्शन

मध्यस्थीच्या व्यवसायाला नियमांच्या चौकटीत आणण्याचा भारतातील अगदी आरंभीचा प्रयत्न ज्या गावी झाला, त्या गावाचे नाव कारंजा लाड होय. वऱ्हाड प्रांत १८५३ पासून इंग्रजांच्या ताब्यात असला तरी नावापुरता तो निजामाचा होता आणि त्याचा कारभार हैदराबादच्या रेसिडेंटमार्फत चाले. त्या रेसिडेन्सीच्या आदेशान्वये १८८६ साली कारंज्याचा कापूसबाजार नियंत्रित करण्यात आला, आणि पुढे १८९७ च्या वऱ्हाड कापूस व धान्यबाजार कायद्याने ही पद्धत प्रांतातील इतर बाजारांपर्यंत नेण्याची वाट मोकळी झाली. या नियमनामागे शेतकऱ्याविषयीच्या कळवळ्यापेक्षा इंग्लंडमधील कापडगिरण्यांना चांगला कापूस रास्त दराने मिळावा ही निकड अधिक होती, हे मान्य करावे लागते. तथापि वजन, भाव आणि दलाली उघड्यावर आली म्हणजे मध्यस्थाचे काम संपत नाही, उलट माल बाजारात आणताना विक्रेता कमी बिचकतो, ही नियंत्रित बाजारामागची धारणा आजही जुनी झालेली नाही. जागा, घरे आणि शेतजमीन यांच्या व्यवहारात मध्यस्थी करणाऱ्या आजच्या व्यावसायिकाने जाहिरात, तंत्रज्ञान आणि सकारात्मक वृत्ती यांचा विचार याच अंगाने करावा, असे येथे सुचवावयाचे आहे.

कारंज्याची मालमत्तेची बाजारपेठ एकजिनसी नाही. दिल्ली वेस, दारव्हा वेस, मंगरूळ वेस आणि पोहा वेस या जुन्या वेशींच्या आतील वस्तीत वाडे, सामाईक भिंती आणि पिढ्यान्‌पिढ्या न वाटलेले हिस्से आढळतात. वेशींबाहेर शेतजमिनी अकृषक करून पाडलेले ले-आऊट पसरत गेले आहेत. श्रीनृसिंहसरस्वती स्वामींचे जन्मस्थान म्हणून गुरुमंदिरात येणाऱ्या भाविकांमुळे त्या परिसरातील दुकानगाळे व निवासाच्या जागा यांचे गणित निराळे असते. आणि तालुक्याच्या गावांमधून कापूस, सोयाबीन व तूर पिकवणाऱ्या काळ्या जमिनीचे व्यवहार चालतात. या चारही प्रकारांत कागदपत्रे वेगळी, गिऱ्हाईक वेगळे आणि शंकाही वेगळ्या, त्यामुळे जो व्यावसायिक सर्वांसाठी एकच जाहिरात आणि एकच बोलणे वापरतो, त्याला यांपैकी एकही प्रकार नीट कळलेला नसतो, असे म्हणावयास हरकत नाही.

वाड्याचा व्यवहार सर्वांत नाजूक. वडिलोपार्जित घराचे वारस पुणे, नागपूर, मुंबई आणि क्वचित परदेशात विखुरलेले असतात, आणि गावात राहणारा एक भाऊ ‘सगळ्यांची संमती आहे’ असे सांगून घर विकावयास काढतो. हिंदू वारसा कायद्यातील दुरुस्तीने ९ सप्टेंबर २००५ पासून एकत्र कुटुंबाच्या मालमत्तेत मुलीला मुलाइतकाच जन्मसिद्ध हक्क मिळाला, आणि त्या दिवशी वडील हयात असण्याची अट नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने ११ ऑगस्ट २०२० रोजी विनीता शर्मा खटल्यात स्पष्ट केले; म्हणून लग्न होऊन गेलेल्या बहिणींची नावे विचारणे हा औपचारिकतेचा भाग न मानता पहिल्याच भेटीतील पहिला प्रश्न मानावा. ज्या वारसाला आपला हिस्सा इतर हिस्सेदारांच्या नावे सोडावयाचा आहे, त्याचे हक्कसोडपत्र, म्हणजे हिस्सा सोडल्याचा दस्त, दुय्यम निबंधकाकडे नोंदलेले असावे लागते. साध्या कागदावरील संमतीपत्राने काम भागत नाही. परदेशातील वारसाने भारतीय वकिलातीत साक्षांकित केलेले कुलमुखत्यारपत्र राज्यात पोहोचल्यापासून तीन महिन्यांच्या आत त्यावर योग्य मुद्रांक भरावा लागतो, हे अनेकांच्या ध्यानात येत नाही आणि ऐन नोंदणीच्या दिवशी व्यवहार अडतो. या सर्व गोष्टी वकिलाने पाहावयाच्या असल्या तरी त्या वेळेवर वकिलापर्यंत नेणे हे मध्यस्थाचे काम आहे.

शेतजमिनीच्या बाबतीत विदर्भाचा स्वतंत्र कायदा आहे. महाराष्ट्र कुळवहिवाट व शेतजमीन (विदर्भ प्रदेश) अधिनियम, १९५८ याच्या कलम ८९ नुसार शेतकरी नसलेल्या व्यक्तीला परवानगीवाचून शेतजमीन विकत घेता येत नाही. सातबारावर भोगवटादार वर्ग २ अशी नोंद असेल, तर ती जमीन शासनाने शर्तीवर दिलेली असून तिच्या हस्तांतरास सक्षम अधिकाऱ्याची परवानगी लागते. आदिवासी खातेदाराची जमीन बिगर-आदिवासीकडे जाण्यावर जमीन महसूल संहितेच्या कलम ३६ व ३६-अ चे निर्बंध आहेत. आणि तुकडेबंदीच्या नियमांनुसार, म्हणजे ठरावीक किमान क्षेत्राहून लहान तुकडा पाडण्यास मनाई करणाऱ्या तरतुदींनुसार, ८ ऑगस्ट २०२३ च्या अधिसूचनेने जिरायतीसाठी २० गुंठे आणि बागायतीसाठी १० गुंठे हे प्रमाणभूत क्षेत्र ठरवले गेले. यांपैकी तुकडेबंदीच्या अटी वारंवार बदलत आल्या असल्याने व्यवहाराच्या दिवशी लागू असलेला नियम तहसील कार्यालयातून विचारून घ्यावा. कागद स्वच्छ असूनही शेतात जाण्याचा रस्ता नसेल तर जमीन निम्मी झाली असे समजावे. पांदण रस्ता नकाशावर आहे की केवळ शेजाऱ्याच्या मेहेरबानीवर वहिवाट चालू आहे, आणि धुरा, म्हणजे शेताचा बांध, मोजणीच्या खुणांशी जुळतो की नांगरागणिक सरकत आला आहे, हे बांधावर उभे राहूनच कळते.

ले-आऊटच्या व्यवहारास स्थावर संपदा (नियमन व विकास) अधिनियम, २०१६, अर्थात रेरा, लागू होतो, आणि त्याची महाराष्ट्रातील अंमलबजावणी महारेरा हे प्राधिकरण १ मे २०१७ पासून करीत आहे. नियोजन क्षेत्रातील ज्या ले-आऊटची जमीन ५०० चौरस मीटरपेक्षा अधिक आहे, त्याची नोंदणी झाल्याशिवाय विकासकाला त्याची जाहिरातही करता येत नाही, आणि त्यातील भूखंड विकून देणाऱ्या एजंटालाही कलम ९ नुसार स्वतःची वेगळी नोंदणी करावी लागते. अशी नोंदणी न करता काम करणाऱ्यास कलम ६२ अन्वये दररोज १०,००० रुपये, आणि एकूण त्या मालमत्तेच्या किमतीच्या पाच टक्क्यांपर्यंत, दंड होऊ शकतो. महारेराने २०२३ मध्ये एजंटांसाठी प्रशिक्षण आणि परीक्षा बंधनकारक केली व १ ऑगस्ट २०२३ पासून विकासकाच्या जाहिरातीत क्यूआर कोड छापण्याचे बंधन घातले, जेणेकरून ग्राहकाला भ्रमणध्वनीवरच प्रकल्पाची नोंद उघडता यावी.

तथापि कारंज्यासारख्या गावात जुन्या घरांची पुनर्विक्री आणि शेतजमिनीची विक्री हा कामाचा मोठा भाग असतो, आणि तो रेराच्या नोंदणीच्या कक्षेत येत नाही. याचा अर्थ असा की, जेथे फसगतीला वाव अधिक आहे तेथेच मध्यस्थावर कायद्याचा धाक कमी आहे, आणि ही पोकळी भरण्यास त्याच्या स्वतःच्या शिस्तीवाचून दुसरे काही उरत नाही. ही अडचण नव्हे, संधी आहे, असे या लेखाचे मत आहे. अमेरिकी अर्थशास्त्रज्ञ जॉर्ज अ‍ॅकरलॉफ यांनी १९७० साली वापरलेल्या मोटारींच्या बाजाराचे उदाहरण घेऊन असे दाखवले की, विक्रेत्याला मालाचे दोष ठाऊक आणि खरेदीदाराला अज्ञात अशी स्थिती असली, म्हणजे खरेदीदार प्रत्येक माल सदोष धरूनच भाव करतो, त्या भावात चांगला माल विकणे परवडत नसल्याने तो बाजारातून निघून जातो आणि शेवटी वाईटच माल शिल्लक राहतो. माहितीच्या या विषमतेवरील कामासाठी त्यांना २००१ सालच्या अर्थशास्त्राच्या नोबेल पारितोषिकात वाटा मिळाला. ‘प्लॉटच्या भानगडीत पडू नये’ हे वडीलधाऱ्यांचे नेहमीचे वाक्य म्हणजे या सिद्धान्ताचा वऱ्हाडी अनुवादच होय. जो मध्यस्थ ही विषमता कमी करतो, त्याच्याकडील चांगल्या मालाला चांगला भाव मिळू लागतो.

जाहिरातीचे मर्म येथे आहे. चांगल्या जाहिरातीत क्षेत्रफळ, चतुःसीमा, रस्त्याची रुंदी, जमिनीचा भोगवटा-वर्ग, अकृषक आदेशाची व नगररचना मंजुरीची तारीख आणि विक्रेत्याची अपेक्षित किंमत इतके स्पष्ट असावे, आणि त्याच ओळीत उणीवही लिहावी. ‘घर पूर्वाभिमुख, दोन मजली, मागील भिंत सामाईक, दोन वारसांची हक्कसोडपत्रे व्हावयाची आहेत’ अशी जाहिरात वाचून दहांपैकी काही जण दूर होतील, पण जे येतील ते उणीव स्वीकारून येतील, आणि वाटाघाटीच्या शेवटच्या टप्प्यावर फिसकटणारे व्यवहार कमी होतील. काळ्या जमिनीवरील भूखंडाबाबतही हेच धोरण ठेवावे; ही माती पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात आकसून भेगाळते, त्यामुळे पायाचा खर्च मुरमाड जागेपेक्षा वाढतो, हे आधी सांगणारा मध्यस्थ ग्राहकाच्या अंदाजपत्रकाचा भागीदार होतो.

समृद्धी महामार्गाच्या नावाने चालणाऱ्या जाहिरातींचा विचार मात्र सविस्तर करणे भाग आहे, कारण तालुक्यातील भावांवर या एका शब्दाचा जितका परिणाम झाला, तितका अलीकडे क्वचितच दुसऱ्या कशाचा झाला असेल. मुंबई ते नागपूर असा ७०१ किलोमीटरचा हा मार्ग असून त्याचा नागपूर–शिर्डी टप्पा ११ डिसेंबर २०२२ रोजी आणि इगतपुरी–आमणे हा शेवटचा टप्पा ५ जून २०२५ रोजी खुला झाला. कारंज्याजवळ त्यावर चढण्या-उतरण्याची सोय आहे. परंतु हा प्रवेश-नियंत्रित मार्ग आहे, म्हणजे ठरावीक इंटरचेंज सोडून अन्य कोठूनही त्यावर वाहन नेता येत नाही. परिणामी ‘समृद्धीला लागून’ असलेल्या शेताला त्या महामार्गावरून पोचरस्ता मिळत नाही. अशा शेताच्या वाट्याला कुंपण आणि वाहनांचा आवाज येतो, तर इंटरचेंजच्या जोडरस्त्यावरील दूरच्या जमिनीला खरा लाभ होतो. म्हणून जाहिरातीत महामार्गाचे अंतर देऊ नये, इंटरचेंजपर्यंतचे प्रत्यक्ष रस्त्याने मोजलेले अंतर किलोमीटरमध्ये द्यावे; ‘पाच मिनिटांवर’ हा शब्दप्रयोग तर कायमचा वर्ज्य करावा, कारण ती मिनिटे कोणाच्या गाडीची हे कोणीच सांगत नाही.

शासकीय योजनांबाबत घोषणा, मंजुरी, कामाचा आरंभ आणि पूर्तता या अवस्था जाहिरातीत वेगवेगळ्या ठेवाव्यात. महामार्गालगतच्या प्रस्तावित नवनगरांची स्वप्ने विकताना ती प्रस्तावित आहेत हा शब्द बारीक अक्षरात जाऊ नये. याच न्यायाने, मूर्तिजापूर–यवतमाळ या अरुंद रुळमार्गावरील ‘शकुंतला’ गाडी बंद असताना आणि रुंदीकरण वर्षानुवर्षे चर्चेत असताना ‘रेल्वेस्थानकाजवळ’ असे लिहिणे अक्षरशः खरे असूनही दिशाभूल करणारेच ठरते. कारंजा-सोहोळ अभयारण्याच्या बाजूची जमीन ‘निसर्गरम्य’ म्हणून दाखवण्यापूर्वी तेथे बांधकामावर कोणते निर्बंध आहेत, याची वनविभागाकडे चौकशी करावी.

जाहिरातीची वेळ पिकांच्या चक्राशी बांधलेली असते. सोयाबीन निघाल्यावर आणि कापसाच्या वेचण्या सुरू झाल्यावर, म्हणजे दिवाळीच्या आगेमागे, तालुक्यात पैसा खेळू लागतो व तुरीची विक्री होईपर्यंत तो ओघ टिकतो. पेरणीच्या दिवसांत मात्र प्रत्येकाचा पैसा बियाण्यात आणि खतात अडकलेला असतो. गावाबाहेर नोकरीस असलेला ग्राहक सणाला आणि उन्हाळी सुट्टीत येतो. पितृपक्षात व्यवहार टाळण्याची प्रथा पाळणाऱ्या घरी त्या पंधरवड्यात बोलणी रेटण्यात शहाणपण नाही.

तंत्रज्ञानाचा विषय निघाला की ड्रोनचित्रण आणि समाजमाध्यमांवरील चित्रफिती यांचीच चर्चा होते, वास्तविक मध्यस्थासाठी सर्वांत क्रांतिकारक साधन सरकारी आणि काहीसे नीरस आहे. महाभूमी संकेतस्थळावर १५ रुपयांत मिळणारा डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा कायदेशीर कामासाठी ग्राह्य असतो, तर विनास्वाक्षरी फुकट दिसणारा उतारा केवळ माहितीपुरता असतो, हा भेद ग्राहकाला समजावून द्यावा. उताऱ्यातील ‘इतर हक्क’ या रकान्यात सोसायटीचा किंवा बँकेचा बोजा, विहिरीतील हिस्सा, वाटेचा हक्क अशा नोंदी असतात, आणि प्रलंबित फेरफाराचा उल्लेख असल्यास मालकीत बदल चालू आहे असे समजावे. फेरफार म्हणजे मालकीहक्कातील बदलाची महसुली नोंद. जुन्या फेरफारांची साखळी मागे मागे वाचत जाणे हे कौशल्य अभ्यासानेच येते आणि ते ज्याला येते त्याच्याकडे लोक आपण होऊन कागद घेऊन येतात. नोंदणी विभागाच्या संकेतस्थळावर सूची क्रमांक २ शोधता येते, म्हणजे त्या मालमत्तेवर पूर्वी कोणते दस्त नोंदले गेले ते पाहता येते. वार्षिक मूल्यदर तक्ता, अर्थात रेडी रेकनर, तेथेच असतो. आणि न्यायालयीन प्रकरणे ई-कोर्ट सेवेवर पक्षकाराच्या नावाने पाहता येतात. गावठाणातील ज्या घरांना पूर्वी ग्रामपंचायतीच्या नमुना ८ शिवाय कागद नव्हता, त्यांना २४ एप्रिल २०२० रोजी सुरू झालेल्या स्वामित्व योजनेतून ड्रोनमोजणीनंतर मिळकत पत्रिका मिळू लागल्या, त्यामुळे अशा घरांवर बँकेचे कर्ज मिळण्याची शक्यता निर्माण झाली. खेड्यांतील घरांची मध्यस्थी करणाऱ्याने या बदलाकडे दुर्लक्ष करू नये.

यानंतर छायाचित्रांचा क्रम लागतो. घराची छायाचित्रे दिवसाउजेडी, रस्त्यापासून आत येत जावे तशा क्रमाने घ्यावीत व त्यांत ओल आलेली भिंतही असावी. भूखंडाचे स्थान नकाशावरील खुणेसह पाठवावे. पुण्यातील वारस, नागपुरातील खरेदीदार आणि कारंज्यातील विक्रेता यांना दूरदृश्य संवादातून एकत्र बसवून त्याच बैठकीचे मुद्दे व्हॉट्सअ‍ॅपवर लेखी पाठवल्यास ‘मी असे म्हटलेच नव्हते’ हा वाद मिटतो. कृत्रिम बुद्धिमत्तेच्या साहाय्याने जाहिरातीचा मजकूर नीटनेटका करून घेण्यास हरकत नाही, परंतु उजाड ले-आऊटवर झाडे आणि पथदिवे उगवणारी कल्पनाचित्रे ‘कल्पनाचित्र’ असे ठळक लिहिल्याशिवाय पाठवू नयेत. ग्राहकाचे आधारपत्र, सातबारा वा दूरध्वनी क्रमांक शे-दीडशे सदस्यांच्या गटात टाकण्याची सवय तर तत्काळ सोडावी. वैयक्तिक विदा संरक्षणाचा कायदा २०२३ साली संमत झाला आहे, आणि तो नसता तरी हा विश्वासभंगच ठरला असता.

सकारात्मक वृत्तीविषयी व्यवसायमार्गदर्शनाच्या पुस्तकांत जे लिहिले जाते त्यातील बराचसा भाग आरशासमोर म्हणावयाच्या वाक्यांचा असतो. मानसशास्त्रज्ञ मार्टिन सेलिगमन यांनी याहून उपयुक्त दृष्टी दिली. अमेरिकेतील मेट्रोपॉलिटन लाइफ या कंपनीच्या विमा-विक्रेत्यांचा अभ्यास करताना त्यांनी अपयशाचे स्पष्टीकरण माणूस स्वतःला कसे देतो याकडे लक्ष वेधले : निराशावादी विक्रेता नकाराचे कारण कायमचे, सर्वव्यापी आणि स्वतःच्या नालायकीतले मानतो, तर आशावादी विक्रेता ते तात्पुरते व त्या प्रसंगापुरते मानून पुढच्या दाराकडे वळतो, आणि विक्रीत दुसराच पुढे राहतो. ही गोष्ट मध्यस्थाला तंतोतंत लागू पडते, कारण त्याच्या कामात दाखवलेल्या जागा अनेक आणि झालेले व्यवहार थोडे हे प्रमाण कधीच बदलत नाही. मात्र आशावाद स्वतःच्या प्रयत्नांविषयी ठेवावा, मालमत्तेविषयी नव्हे. ‘होऊन जाईल, काळजी करू नका’ हे वाक्य वर्ग २ च्या जमिनीच्या परवानगीबाबत उच्चारणे म्हणजे दुसऱ्याच्या पैशावर आशावादी होणे होय. प्रत्येक फिसकटलेल्या व्यवहाराची कारणासह नोंद ठेवल्यास काही महिन्यांतच असे दिसू लागते की, बहुतेक नकार किंमत, कागद किंवा घरातील मतभेद यांतून आलेले आहेत. ज्यावर उपाय आहे त्यावर काम करावे व उरलेल्यांचा सल मनात ठेवू नये.

वृत्तीची खरी परीक्षा दलाली आणि इसार यांच्या वेळी होते. दलाली किती, कोणत्या पक्षाकडून आणि कोणत्या टप्प्यावर घ्यावयाची, हे पहिल्या भेटीतच लेखी ठरवावे; दोन्ही पक्षांकडून घ्यावयाची असल्यास दोघांनाही ते ठाऊक असावे. विक्रेत्याने सांगितलेल्या किमतीवर गुपचूप वाढावा चढवून फरक खिशात घालणे हा या व्यवसायातील सर्वांत जुना रोग असून, कारंज्याएवढ्या गावात तो फार काळ लपत नाही. इसार, म्हणजे व्यवहार पक्का झाल्याची आगाऊ रक्कम, मध्यस्थाने स्वतःच्या हाती घेऊ नये. ती खरेदीदाराच्या खात्यातून विक्रेत्याच्या खात्यात जावी, कारण स्थावर मालमत्तेच्या व्यवहारात २०,००० रुपये किंवा त्याहून अधिक रक्कम रोखीने स्वीकारण्यास आयकर कायद्याची मनाई आहे, आणि रेराच्या कक्षेतील प्रकल्पात नोंदणीकृत करारनाम्यापूर्वी किमतीच्या १० टक्क्यांहून अधिक रक्कम विकासकाला घेता येत नाही. इसारचिठ्ठीत परवानग्या किंवा हक्कसोडपत्रे मुदतीत न मिळाल्यास इसार परत करण्याची अट स्पष्ट लिहिलेली असावी.

खरेदीखत नोंदले गेले की बहुतेक मध्यस्थांचे काम संपते. वस्तुतः त्यानंतर फेरफाराची नोंद धरली जाते, संबंधितांना नोटीस देऊन हरकतींसाठी १५ दिवसांचा अवधी दिला जातो, आणि हरकत न आल्यास मंडळ अधिकारी ती नोंद प्रमाणित करतो; याच काळात एखादा विसरलेला वारस हरकत घेऊन उभा राहिला तर खरेदीदाराला प्रथम मध्यस्थाची आठवण होते. म्हणून नव्या नावाचा सातबारा किंवा आखीव पत्रिका, म्हणजे मिळकत पत्रिका, हाती येईपर्यंत पाठपुरावा करावा, शहरातील घर असल्यास नगरपरिषदेच्या करआकारणीतील नाव बदलून घ्यावे, वीजजोडणीचे हस्तांतर करावे आणि सर्व कागदांचा एक संच छापील व दुसरा डिजिटल स्वरूपात खरेदीदाराच्या स्वाधीन करावा. पेरणीपासून पोळ्यापर्यंतचे मंदीचे आठवडे याच कामासाठी राखून ठेवावेत, आणि त्या दिवसांत तलाठी कार्यालयातील गर्दीही तुलनेने कमी असल्यास राहिलेले फेरफार मार्गी लावून घ्यावेत.